सेगावचा लेख आणि जेरुसलेमचे उत्तर

नोव्हेंबर १९३८ मध्ये वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात महात्मा गांधींनी एक छोटा लेख लिहिला. लेखाखाली २० नोव्हेंबर ही तारीख आहे आणि ‘हरिजन’ साप्ताहिकाच्या २६ नोव्हेंबरच्या अंकात तो प्रसिद्ध झाला. ‘हरिजन’ त्या काळी पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात छापले जाई. लेखाचा मथळा अगदी साधा, ‘यहुदी’ एवढाच होता. विदर्भातल्या मातीच्या झोपडीत लिहिला गेलेला हा मजकूर पुढच्या चार महिन्यांत मुंबई, बर्लिन, न्यूयॉर्क आणि जेरुसलेम येथे वाचला गेला आणि त्यावर जो वाद पेटला तो आजही विझलेला नाही. पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर भारतात जे मतभेद आपण ऐकतो, त्यांतील बहुतेक सर्व मुद्दे त्या एका हिवाळ्यात मांडून झाले होते. त्यांतले बरेचसे नागपूरच्या ऐंशी किलोमीटरांच्या परिघातच मांडले गेले, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात राहिलेली नाही.

लेख लिहिण्याचे निमित्त तातडीचे होते. ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीत यहुद्यांवर संघटित हल्ले झाले. शेकडो सभास्थाने जाळण्यात आली, दुकानांच्या काचांचा रस्तोरस्ती खच पडला आणि सुमारे ३० हजार यहुदी पुरुषांना पकडून छळछावण्यांत धाडण्यात आले. तिकडे पॅलेस्टाइनमध्ये १९३६ पासून अरबांचे बंड चालू होते. ब्रिटिशांनी नेमलेल्या पील आयोगाने १९३७ साली त्या देशाची फाळणी सुचवली होती आणि हरिपुरा येथे फेब्रुवारी १९३८ मध्ये भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाने अरबांच्या बाजूने ठराव केला होता. या दोन्ही प्रश्नांवर आपले मत सांगा, असा आग्रह करणारी पत्रे गांधींकडे येत होती. त्यांनी उत्तर दिले, परंतु आपण संकोचानेच लिहीत आहोत असेही नमूद केले.

लेखाच्या आरंभी गांधी आपली सहानुभूती स्पष्ट करतात. दक्षिण आफ्रिकेत त्यांचे काही जिवलग सहकारी यहुदी होते. जोहान्सबर्गचे वास्तुविशारद हर्मन कॅलनबाख यांनी १९१० साली आपली ११०० एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली आणि तेथेच टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. या स्नेहाचा उल्लेख करून गांधी पुढे म्हणतात की, सहानुभूतीमुळे न्यायाकडे डोळेझाक करता येत नाही. इंग्लंड जसे इंग्रजांचे, फ्रान्स जसा फ्रेंचांचा, तसे पॅलेस्टाइन अरबांचे आहे. यहुद्यांनी जेथे जन्म घेतला तोच देश आपला मानावा. बायबलमधील पॅलेस्टाइन हा नकाशावरचा मुलूख नसून ते अंतःकरणात असते. आणि तेथे जायचेच असेल तर ब्रिटिश बंदुकीच्या सावलीत जाऊ नये, अरबांच्या सदिच्छेने जावे. अरबांच्या अत्याचारांचे आपण समर्थन करीत नाही, त्यांनीही अहिंसेचा मार्ग धरला असता तर बरे झाले असते, अशी पुस्तीही ते जोडतात. जर्मनीविषयी त्यांची भाषा त्या काळच्या कोणत्याही राजकारण्याहून कठोर होती. मानवतेच्या नावाने एखादे युद्ध समर्थनीय ठरू शकत असेल, तर ते जर्मनीविरुद्धचे ठरेल, असे त्यांनी लिहिले. मात्र आपला कोणत्याच युद्धावर विश्वास नाही, हेही त्याच वाक्याला जोडले. जर्मनीतल्या यहुद्यांना त्यांनी सल्ला दिला तो सत्याग्रहाचा. देश सोडू नका, अपमान सोसू नका, गोळी घाला म्हणून सांगा आणि हे करताना मनात द्वेष ठेवू नका.

या लेखातील एक वाक्य ख्रिस्ती वाचकाने अधिक थांबून वाचावे असे आहे. यहुदी हे ख्रिस्ती जगातील अस्पृश्य आहेत, असे गांधी म्हणतात. हिंदूंनी अस्पृश्यांना जे वागवले आणि ख्रिस्ती लोकांनी यहुद्यांना जे वागवले, त्यात फार जवळचे साम्य आहे, आणि दोन्ही ठिकाणी अमानुष वागणुकीला धर्माचा आधार दिला गेला, असा त्यांचा आरोप आहे. हा आरोप टाळता येण्याजोगा नाही. १५५५ साली पोप पॉल चौथे यांनी फर्मान काढून रोममधील यहुद्यांना तटबंदीच्या वस्तीत राहण्यास भाग पाडले. त्यांना ओळखू येईल अशी पिवळी टोपी घालावी लागे आणि जमीनजुमला बाळगण्याची मुभा नव्हती. रोममधली ही व्यवस्था १८७० पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकून होती. गावकुसाबाहेरची वस्ती म्हणजे काय, हे ज्या महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि ज्या नागपुरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसांनी त्या वस्तीचा धर्मच नाकारला, तेथील वाचकाला गांधींची ही तुलना समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु रोमपर्यंत जाण्याचीही आवश्यकता नाही. आपल्याच किनाऱ्यावर तिचा पुरावा आहे. गार्सिया द ऑर्ता हे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यात आले. त्यांचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले आणि पुढे पोर्तुगालमध्ये सक्तीने बाप्तिस्मा घेतलेले यहुदी होते. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर त्यांनी उपचार केले, त्यांची त्या दरबाराशी मैत्री होती. मुंबईचे बेट काही वर्षे त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होते. भारतातील औषधी वनस्पतींवरचा त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. भारतात छापल्या गेलेल्या अगदी आरंभीच्या पुस्तकांपैकी तो एक होय. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाले होते. १५६८ साली ऑर्ता वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळण्यात आले. १५८० साली खुद्द ऑर्तांची हाडे उकरून तीही जाळली गेली. कोकणातील औषधी झाडांची नावे युरोपला शिकवणाऱ्या माणसाची ही अखेर होती. इन्क्विझिशनचा विषय निघाला की आपल्याकडे काही मंडळी तो प्रचारासाठी वापरतात आणि मग दुसरी मंडळी तो नाकारायलाच बसतात. पण कातारिनेचे जळणे दोघांच्याही सोयीचे नाही.

याच कोकणात, ऑर्ता येण्याच्याही शतकानुशतके आधीपासून, बेने इस्राएल समाज राहत होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. त्यांची भाषा मराठी, आडनावे गावांवरून पडलेली आणि कीर्तनेसुद्धा मराठीत. कोकणातल्या गावांत त्यांना त्यांच्या धर्मापायी कोणी छळल्याची नोंद नाही. गांधींच्या लेखाचा विचार करताना हे महत्त्वाचे ठरते. यहुदी माणूस आपल्या जन्मभूमीत सन्मानाने राहू शकतो, हे त्यांचे म्हणणे स्वप्नाळू वाटत असले तरी ते ज्या देशात बसून बोलत होते त्या देशात ते खरे होते. प्रश्न होता तो जर्मनीत ते खरे होते का, हा.

पहिले उत्तर मुंबईहून आले. ‘द ज्यूइश अ‍ॅडव्होकेट’ या तेथील यहुदी पत्राचे संपादक ए. ई. शोहेत यांनी डिसेंबर १९३८ मध्येच गांधींचा प्रतिवाद केला. जर्मन वृत्तपत्रांनी उलट्या बाजूने आगपाखड केली. गांधी मात्र माघार न घेता ‘हरिजन’मधून लिहीत राहिले. १९३९ च्या आरंभी कॅलनबाख स्वतः त्यांच्याकडे येऊन राहिले होते. आपल्या घरी एक यहुदी मित्र आहे, अहिंसा त्याच्या बुद्धीला पटते पण हिटलरसाठी प्रार्थना करणे त्याला जमत नाही, असे गांधींनी त्या दिवसांत नाव न घेता लिहिले आणि त्या मित्राला दोष दिला नाही. न्यूयॉर्कहून हाइम ग्रीनबर्ग या गांधीभक्त यहुदी संपादकाने मार्चमध्ये उत्तर लिहिले. त्याचा सारांश असा की, जर्मनीत एखादा यहुदी गांधी उभा राहिलाच तर त्याचे कार्य जेमतेम पाच मिनिटे चालेल. हिंदू-मुस्लिम ऐक्याच्या चिंतेमुळे गांधींचा न्याय अरबांकडे झुकला आहे, अशी शंकाही त्यांनी उघडपणे बोलून दाखवली.

सर्वांत गंभीर उत्तर जेरुसलेमहून आले. २४ फेब्रुवारी १९३९ रोजी तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी आणि दोनच दिवसांनी हिब्रू विद्यापीठाचे प्रमुख ज्युडा मॅग्नेस यांनी गांधींना पत्रे लिहिली. ती त्याच वर्षी जेरुसलेममध्ये एका पुस्तिकेत छापली गेली. बूबर हे ‘मी आणि तू’ या नात्याचे तत्त्वज्ञ म्हणून ओळखले जातात. गांधींवर त्यांनी १९३० मध्येच आदराने लिहिले होते. नाझी राजवटीत पाच वर्षे काढून मार्च १९३८ मध्ये वयाच्या साठाव्या वर्षी ते जेरुसलेमला आले होते. मॅग्नेस हे अमेरिकन धर्मगुरू होते. पहिल्या महायुद्धात सरकारचा रोष पत्करून त्यांनी युद्धाला विरोध केला होता. म्हणजे गांधींशी वाद घालायला बसलेली ही माणसे तलवारीचे पुजारी नव्हती.

बूबरांचा पहिला मुद्दा दक्षिण आफ्रिकेचा होता. तेथील दीड लाख हिंदी लोकांच्या पाठीशी कोट्यवधींची मातृभूमी उभी होती. यहुद्यांच्या पाठीशी अशी कोणती भूमी आहे? त्या मातृभूमीवाचून गांधींच्या लोकांना तो धीर टिकवता आला असता का? दुसरा मुद्दा हौतात्म्याविषयीचा होता. सत्याग्रहाला साक्षीदार लागतो. जेथे माणूस कोणाच्याही नजरेस न पडता नाहीसा होतो तेथे त्याचे बलिदान कोणाचे हृदय पालटणार? मॅग्नेस यांनी हेच अधिक साध्या शब्दांत सांगितले. दांडीयात्रा जगाने पाहिली. जर्मनीत मात्र मध्यरात्री दारावर थाप पडते, माणूस नेला जातो आणि सकाळी रस्ता पूर्वीसारखाच वाहत असतो. तिसरा मुद्दा भूमीचा. आम्ही येथे वस्ती करू लागलो ती ब्रिटिश बंदुकीची सावली पडण्याच्या पस्तीस वर्षे आधी, असे बूबर म्हणतात. अरबांचा हक्क ते नाकारत नाहीत. दोन हक्क समोरासमोर उभे आहेत, त्यांतला एक पुसून टाकण्यापेक्षा दोहोंचा मेळ कसा घालायचा ते पाहू, असे त्यांचे मागणे आहे.

या पत्रांना गांधींचे उत्तर उपलब्ध नाही. ३ ते ७ मार्च १९३९ या काळात ते राजकोट येथे उपोषण करीत होते. त्याच सुमारास त्रिपुरी काँग्रेसमध्ये सुभाषबाबूंच्या प्रकरणाने टोक गाठले होते. सेगावची टपाल बऱ्याचदा बुलढाण्याच्या शेगावला जात असे आणि याच घोळामुळे १९४० साली गावाचे नाव सेवाग्राम असे करण्यात आले. जेरुसलेमचे पाकीटही गजानन महाराजांच्या गावाला जाऊन आले असेल काय, असा विचार मनात येतो. पण ही केवळ गंमत झाली. एक गोष्ट मात्र निश्चित सांगता येते. यहुदी मंडळी इंग्लंड-अमेरिकेला जर्मनीविरुद्ध युद्धाला उठवीत आहेत, अशा आशयाचे एक विधान गांधींनी केले होते. त्यावर आक्षेप आला तेव्हा त्यांनी पुरावा शोधायला लावला, तो सापडला नाही आणि मे १९३९ मध्ये त्यांनी ‘हरिजन’मध्येच ते विधान बिनशर्त मागे घेतले. सार्वजनिक वादात अशी वागणूक त्या काळीही दुर्मीळ होती.

आता सेगावहून नागपूरकडे वळू. गांधींचा लेख छापून पाच आठवडे होतात न होतात तोच, डिसेंबर १९३८ च्या अखेरीस, नागपुरात हिंदू महासभेचे अधिवेशन भरले. अध्यक्ष होते स्वातंत्र्यवीर सावरकर. त्यांच्या अध्यक्षीय भाषणात जर्मनीच्या यहुद्यांचा उल्लेख आहे, पण वेगळ्या कारणासाठी. जर्मनीत जर्मन हे राष्ट्र आणि यहुदी ही एक जमात, तसे हिंदुस्थानात हिंदू हे राष्ट्र आणि मुसलमान ही जमात, असा त्यांचा युक्तिवाद होता. जर्मनीत सभास्थाने जळून दोन महिनेही झाले नव्हते. पुढच्याच वर्षी, १९३९ साली, नागपुरातूनच माधवराव गोळवलकर यांचे ‘वुई ऑर अवर नेशनहुड डिफाइन्ड’ हे पुस्तक निघाले. विदर्भाचे लोकनायक बापूजी अणे यांनी त्याला प्रस्तावना लिहिली आणि तीत काही मतांशी आपली असहमतीही नोंदवली. या पुस्तकात जर्मनीने आपल्या देशातून यहुदी वंशाचे उच्चाटन चालवल्याचा उल्लेख हिंदुस्थानने घ्यावयाचा धडा म्हणून येतो. त्याच पुस्तकात, राष्ट्राला भूमी आवश्यक असते हे पटवण्यासाठी, पॅलेस्टाइनमध्ये स्वतःची भूमी पुन्हा मिळवू पाहणाऱ्या यहुद्यांचा दाखलाही येतो. पुढे संघाने या पुस्तकातील मते आपली नसल्याचे सांगितले, हे येथे नोंदवले पाहिजे.

ही दोन मते एका माणसाला एकाच वेळी कशी धरता येतात, असे वाचकाला वाटेल. मला त्यात विसंगती दिसत नाही. प्रत्येक भूमी एका राष्ट्राची आणि प्रत्येक राष्ट्र एका संस्कृतीचे, असे एकदा मानले की यहुद्यांना बर्लिनमधून बाहेर काढणेही तर्काला धरून होते आणि जेरुसलेममध्ये वसवणेही. यहुदी येथे केवळ दृष्टान्तापुरते आहेत, खरा विषय हिंदुस्थानातील अल्पसंख्याकांचा आहे. पण हा दोष एकाच बाजूला चिकटवून मोकळे होता येणार नाही. काँग्रेसचे अरबप्रेमही पुष्कळ अंशी खिलाफतीच्या दिवसांपासूनच्या घरच्या राजकारणातून आलेले होते आणि ग्रीनबर्ग यांनी नेमके त्यावरच बोट ठेवले होते. पॅलेस्टाइनविषयी बोलताना आपण भारतीय बहुधा स्वतःविषयीच बोलत असतो, आणि ही सवय १९३८ पासूनची आहे.

मग त्या वादात बरोबर कोण होते? जर्मनीविषयी गांधींचा सल्ला चुकीचा होता, असे मला वाटते. पुढच्या सहा-सात वर्षांत साठ लाख यहुदी मारले गेले आणि मरताना त्यांच्याकडे पाहणारे कोणी नव्हते. मॅग्नेस यांनी वर्णिलेली मध्यरात्रीची थाप हीच वस्तुस्थिती ठरली. युद्धानंतरही गांधींनी लुई फिशर या अमेरिकन पत्रकाराजवळ जुनाच विचार बोलून दाखवला. हिटलरने केलेला संहार हा या काळातील सर्वांत मोठा अपराध होय, पण यहुद्यांनी स्वतःहून मरण पत्करायला हवे होते, असा त्याचा आशय होता. हे वाचून अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. फिशर यांच्याच नोंदीप्रमाणे, पॅलेस्टाइनवर यहुद्यांचा दावा सबळ आहे असेही गांधींनी त्यांना सांगितले. त्यामुळे गांधींचे मत एका ओळीत सांगणाऱ्यांपासून सावध राहावे लागते.

पॅलेस्टाइनविषयी मात्र त्यांचा इशारा पोकळ ठरला नाही. १४ जुलै १९४६ रोजी पाचगणी येथे त्यांनी या विषयावर पुन्हा लिहिले. जगाने यहुद्यांवर क्रूर अन्याय केला आहे, ख्रिस्ती जगाने छळ केला नसता तर पॅलेस्टाइनला परतण्याचा प्रश्नच बहुधा उद्भवला नसता, असे म्हणून ते सांगतात की, अमेरिका आणि ब्रिटन यांच्या मदतीने आणि आता उघड्या दहशतीने स्वतःला त्या भूमीवर लादणे ही यहुद्यांची गंभीर चूक आहे. हा लेख २१ जुलैच्या ‘हरिजन’मध्ये आला. दुसऱ्याच दिवशी, २२ जुलै रोजी, इर्गुन या यहुदी संघटनेने जेरुसलेममधील किंग डेव्हिड हॉटेलात स्फोट घडवला आणि त्यात ९१ माणसे मेली. मृतांत ब्रिटिश होते, अरब होते आणि यहुदीही होते.

पुढचा घटनाक्रम पुष्कळांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. १९४७ साली संयुक्त राष्ट्रांच्या अकरा देशांच्या विशेष समितीवर भारतातर्फे लाहोर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सर अब्दुर रहमान होते. सात देशांनी फाळणी सुचवली. भारत, इराण आणि युगोस्लाव्हिया यांनी अरब व यहुदी प्रांतांचे एक संघराज्य सुचवले. ऑस्ट्रेलिया तटस्थ राहिला. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी आमसभेने ३३ विरुद्ध १३ मतांनी फाळणी स्वीकारली आणि भारताने विरोधात मत दिले. स्वतःच्या फाळणीचे रक्त अजून वाळलेले नसताना दिलेले ते मत होते. १९ डिसेंबरला सावरकरांनी पत्रक काढून यहुदी राज्याचे स्वागत केले आणि भारताच्या मताबद्दल खेद व्यक्त केला.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. भारताने सुचवलेले संघराज्य आणि बूबर-मॅग्नेस यांचे स्वप्न यांत फार अंतर नव्हते. या दोघांनाही केवळ यहुद्यांचे राज्य नको होते. दोन समाज समान हक्कांनी नांदतील असे एक राज्य त्यांना हवे होते आणि त्यासाठी १९४२ साली त्यांनी ‘इहुद’ नावाची संघटना काढली. मार्च १९४७ मध्ये दिल्लीत भरलेल्या आशियाई परिषदेला पॅलेस्टाइनमधून आलेल्या यहुदी शिष्टमंडळाचे प्रमुख ह्यूगो बर्गमान हेही याच विचाराचे आणि बूबरांचे जुने स्नेही होते. तेथे अरब प्रतिनिधींशी त्यांची शाब्दिक चकमक उडाली. म्हणजे ज्यांच्याशी भारताचे सर्वाधिक जुळले असते त्यांच्याशीच आपली बोलणी फिसकटली. मॅग्नेस ऑक्टोबर १९४८ मध्ये वारले. बूबर नव्या इस्राएलचे नागरिक झाले आणि अरब निर्वासितांना परत येऊ द्यावे म्हणून शेवटपर्यंत आपल्याच सरकारशी भांडत राहिले. जून १९६५ मध्ये जेरुसलेम येथे त्यांचा अंत्यविधी झाला, तेव्हा अरब विद्यार्थ्यांनी त्यांच्या शवपेटीवर पुष्पचक्र वाहिले.

आपल्या बेने इस्राएल बांधवांचे काय झाले? १९४८ नंतर ते मोठ्या संख्येने इस्राएलला गेले. वचनदत्त भूमीत पोहोचल्यावर त्यांना काय भोगावे लागले ते गांधींनी वापरलेल्या शब्दाची आठवण करून देते. वर्णावरून हिणवले जाणे, हलकी कामे, आणि पुढे तर धर्मपंडितांनी त्यांच्या यहुदीपणाविषयीच शंका घेतली. १९५१-५२ साली तेल अवीवमध्ये त्यांनी धरणे धरले आणि शंभराहून अधिक जण भारतात परतले. १९६२ साली धर्मपीठाने त्यांच्या विवाहांच्या आड येणारे आदेश काढले. त्याविरुद्धचा लढा ऑगस्ट १९६४ पर्यंत चालला, तेव्हा इस्राएलच्या संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला. लढा जिंकल्यावर ते तेथेच रुजले. त्यांनी मराठी सोडली नाही, ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही काढले. कोकणात कोणी न छळलेला हा समाज इस्राएलला का गेला, याचे उत्तर गांधींच्या लेखात सापडत नाही. बूबरांच्या पत्रात ते थोडेफार सापडते. माणसाला केवळ सुरक्षितता पुरत नाही, त्याला काही भूमींची ओढ असते.

भारताने १७ सप्टेंबर १९५० रोजी इस्राएलला मान्यता दिली, मुंबईत वकिलातीचे कार्यालय उघडू दिले, पण पूर्ण संबंध ठेवले नाहीत. १९८२ साली मुंबईतील इस्राएली कॉन्सुलने एका मुलाखतीत भारताच्या धोरणावर टीका केली, तेव्हा त्याला देश सोडावा लागला. ज्यांनी वर्षानुवर्षे इस्राएलची बाजू घेतली ते १९७७ साली सत्तेत आल्यावर काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. परराष्ट्रमंत्री झालेल्या अटलबिहारी वाजपेयींनी बळकावलेली अरब भूमी इस्राएलने सोडली पाहिजे असे जाहीर सभेत सांगितले. ऑगस्ट १९७७ मध्ये इस्राएलचे परराष्ट्रमंत्री मोशे दायान गुप्तपणे दिल्लीला येऊन मोरारजीभाईंना भेटले आणि रिकाम्या हाताने गेले. धोरण बदलले ते काँग्रेसच्याच पंतप्रधानांनी. २९ जानेवारी १९९२ रोजी पी. व्ही. नरसिंह राव यांच्या सरकारने इस्राएलशी पूर्ण राजनैतिक संबंध जोडले. त्याच्या काही दिवस आधीच यासर अराफत दिल्लीत येऊन गेले होते. हे राव १९८४ आणि १९८९ साली नागपूर जिल्ह्यातील रामटेकमधून लोकसभेवर निवडून गेले होते. मराठी त्यांना उत्तम येई, हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला होता. सेवाग्राम, नागपूर आणि रामटेक या तीन ठिकाणांना जोडणारी रेघ नकाशावर काढली, तर ती शंभर-सव्वाशे किलोमीटरांची भरेल. पॅलेस्टाइनविषयी भारताच्या तिन्ही भूमिका त्या रेघेवर सापडतात.

ख्रिस्तसभेचा मार्गही सरळ नव्हता. २५ जानेवारी १९०४ रोजी थिओडोर हर्त्झल यांनी पोप पायस दहावे यांची भेट घेऊन पाठिंबा मागितला, तेव्हा तो धर्माच्या कारणाने नाकारण्यात आला. उत्तम शुक्रवारच्या प्रार्थनेत यहुद्यांना लावले जाणारे अपमानकारक विशेषण १९५९ साली पोप जॉन तेविसावे यांनी काढून टाकले. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सबंध यहुदी लोकांवर ठेवता येत नाही असे घोषित केले. म्हणजे गांधींचा आरोप छापला गेल्यावर सत्तावीस वर्षांनी. डिसेंबर १९९३ मध्ये व्हॅटिकन आणि इस्राएल यांचा मूलभूत करार झाला, २००० साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीत क्षमायाचनेची चिठ्ठी ठेवली आणि २०१५ साली व्हॅटिकनने पॅलेस्टाइन राज्याशी करार केला. आपल्यातील काही भाविक मात्र आजही जुन्या करारातील वचने उद्धृत करून आजच्या सरहद्दी ठरवू पाहतात. त्यांनी बूबरांचे पत्र वाचावे. बायबल मुखोद्गत असलेल्या त्या यहुदी माणसानेसुद्धा वचनाच्या आधारे शेजाऱ्याचा हक्क नाकारला नव्हता.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासने इस्राएलवर हल्ला करून सुमारे १२०० माणसे मारली आणि अडीचशे जणांना ओलीस नेले. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारो हजार लोक मेले, शहरेच्या शहरे जमीनदोस्त झाली. भारतात वाद पुन्हा उसळला आणि पुन्हा घरच्याच वाटांनी वाहिला. संयुक्त राष्ट्रांत भारत ऑक्टोबर २०२३ मध्ये तटस्थ राहिला, डिसेंबरमध्ये त्याने युद्धबंदीच्या बाजूने मत दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये युद्धविराम झाला. जेरुसलेम कोणाचे, निर्वासितांनी कोठे जायचे, दोन राज्ये की एक, हे १९४७ चे प्रश्न तसेच पुढे ढकलले गेले.

गाझात कॅथलिकांचा एकच धर्मग्राम आहे, पवित्र कुटुंबाचा. युद्धाच्या दिवसांत शेकडो माणसे त्या देवळात आसऱ्याला होती. पोप फ्रान्सिस एप्रिल २०२५ मधील आपल्या निधनापर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी तेथे दूरध्वनी करून विचारपूस करीत. १७ जुलै २०२५ रोजी इस्राएली तोफगोळा त्या देवळावर पडला, तिघे मेले आणि तेथील धर्मगुरू जखमी झाले. दुसऱ्या दिवशी जेरुसलेमचे कॅथलिक आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स असे दोन्ही पॅट्रिआर्क धान्य आणि औषधे घेऊन एकत्र गाझात शिरले.